गालातून मानेकडे : एमएमपी-१० जनुक आणि तोंडाच्या कर्करोगाचा प्रसार

तोंडाच्या कर्करोगात रुग्णाचे पुढे काय होणार हे गालातल्या गाठीवरून जेवढे समजते, त्याहून जास्त मानेतल्या लसिकाग्रंथींवरून समजते. रोग तोंडापुरता असताना वेळेवर कापून काढला, तर बहुतेक रुग्ण पुढे कित्येक वर्षे चांगले राहतात. तोच रोग मानेतल्या एखाद्या ग्रंथीत उतरला, की जगण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. ग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर पडला असेल तर ती आणखी घटते. म्हणूनच कर्करोगाच्या टप्प्यांच्या वर्गीकरणाची आठवी आवृत्ती निघाली तेव्हा गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे आणि ग्रंथीचे आवरण फुटले आहे का, या दोन गोष्टींची त्यात नव्याने भर पडली. तरीही एक कोडे राहतेच. सारख्याच आकाराची आणि सारख्याच जागची गाठ असलेल्या दोघांपैकी एकाची मान वर्षानुवर्षे स्वच्छ राहते, आणि दुसऱ्याच्या जबड्याखाली काही महिन्यांतच टणक गाठ हाताला लागते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या पेशी जवळपास सारख्याच दिसतात. फरक असतो तो पेशींच्या आत कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, यात. एमएमपी-१० हे अशा जनुकांपैकी एक. मानेतल्या प्रसाराशी त्याचा संबंध खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संस्थेत, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या भारतीय रुग्णांच्या गाठींमधून पुढे आला. म्हणून या आजाराने पोळलेल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या दृष्टीने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे २०२२ साली अंदाजे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. युरोप-अमेरिकेत हा रोग प्रामुख्याने जिभेला आणि जिभेखालच्या भागाला होतो आणि त्यामागे सिगारेट आणि दारू असते. भारतात तो जास्त करून गाल आणि खालची हिरडी यांमधल्या खोबणीत उगवतो, कारण तंबाखूची गोळी तिथेच धरली जाते. प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर तोंडात धरून किंवा चघळून खाणाऱ्यांचे २४.४ टक्के होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या सहापट लोक तंबाखू तोंडात धरतात, असे हे राज्य आहे. त्यातही चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांचा तंबाखू वेगळ्या रूपात येतो. त्याचे नाव खर्रा.

पानठेल्यावर सुपारीचा चुरा, सुगंधित तंबाखू आणि चुना एका पन्नीवर घेतात, पन्नी गुंडाळतात आणि लाकडी पाटीवर तळहाताने जोर देऊन घोटतात. चुना सगळ्या चुऱ्याला सारखा लागेपर्यंत घोटणे चालते. तयार खर्रा त्याच पन्नीत बांधून दिला जातो. तो खिशात, कनवटीला, शिदोरीच्या पिशवीत राहतो आणि दिवसभर चिमटी-चिमटीने गालात जातो. धानाच्या रोवणीला, तेंदूपत्त्याच्या तोडणीला आणि मोहफुले वेचायला जाताना तो सोबत असतो; पाहुण्यापुढेही ठेवला जातो. पुरुष खातात, बाया खातात, शाळकरी मुलेही खातात. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू व सुपारीवर बंदी आणली. पण कारखान्याच्या पुडीवर बंदी घालणे सोपे असते आणि हाताने घोटून मिळणाऱ्या मालावर अवघड. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था व टाटा ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावोगावच्या लोकांना हाताशी धरून दारूबरोबर खर्ऱ्यालाही हात घातला, तो याच अडचणीमुळे.

खर्ऱ्याचे तिन्ही घटक एकमेकांचे काम पुढे नेतात. तंबाखूत एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसमाइने असतात. ती पेशीच्या डीएनएला चिकटून त्यातली अक्षरे बदलतात. सुपारीतले अरेकोलिन आणि पॉलिफेनॉल चुन्याच्या अल्कधर्मी संगतीत अधिक घातक होतात. अरेकोलिनचे अरेकायडिन होते, पॉलिफेनॉलमधून डीएनएला इजा करणारे ऑक्सिजनचे चंचल रेणू सुटतात. चुन्यामुळे निकोटिनही श्लेष्मल त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते, म्हणून सवय घट्ट बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले आहे. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी, ही विदर्भात घरोघर ऐकू येणारी समजूत त्यामुळे मुळातच चुकीची आहे.

खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात कर्करोगाआधी बहुधा एक वेगळा आजार दिसू लागतो. आधी तिखट सोसत नाही, तोंड झोंबते. मग गालाची आतली बाजू पांढरट, ताठ, चामड्यासारखी होते. निरोगी माणसाच्या उघड्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. अशा रुग्णाच्या तोंडात दोन, कधी एकच मावते. या सबम्युकस फायब्रोसिसचे वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईचे सिरसाट यांनी १९६६ मध्ये त्याची ऊतिरचना मांडली. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून मध्य भारतातल्या १,००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावरूनच या भागात तो किती पसरला आहे याची कल्पना येते. केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा ७.६ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला.

या आजाराचा एमएमपी-१० शी संबंध आहे. आपल्या शरीरात पेशींभोवती कोलॅजन आणि इतर प्रथिनांचे एक जाळे असते. ते सतत विणले जाते आणि सतत मोडले जाते. सुपारीतील तांब्यामुळे कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडणारे एन्झाइम वाढते आणि जाळे मोडणाऱ्या एन्झाइमांना आवर घालणारी ‘टिंप’ नावाची प्रथिनेही वाढतात. विणणे वाढले, मोडणे घटले, की गाल ताठतो. कर्करोग मात्र याच ताठलेल्या ऊतीतून वाट काढत पुढे सरकतो. म्हणजे जे मोडणे वर्षानुवर्षे दबलेले होते, ते गाठीच्या पेशी नव्याने आणि बेबंदपणे सुरू करतात. एमएमपी-१० कडे लक्ष जाते ते इथे.

जनुक म्हटले की गडचिरोली-चंद्रपुरातल्या माणसाला सिकलसेल आठवतो. आश्रमशाळेत रक्त तपासले जाते, वाहकाला कार्ड मिळते, लग्न जुळवताना ते पाहावे असे सांगितले जाते. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगात ‘जनुकाचा दोष’ आहे असे कळले की रोग घराण्यातून आला, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे तसे नाही. सिकलसेलमधला बदल जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि आईवडिलांकडून येतो. तोंडाच्या कर्करोगातले बहुतांश बदल त्या माणसाच्या हयातीत, गालाच्या एवढ्याशा तुकड्यातल्या पेशींत, तंबाखू-सुपारीने घडवलेले असतात. ते रुग्णाच्या मुलांमध्ये उतरत नाहीत. मुलांमध्ये उतरते ती सवय. शिवाय एमएमपी-१० च्या बाबतीत महत्त्व आहे ते त्याच्या अक्षरांतल्या बदलाला नव्हे, तर ते किती जोराने चालते याला. जनुक तेच असते, फक्त नको त्या वेळी आणि नको तेवढे वाचले जाते.

माणसाच्या अकराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर या घराण्यातल्या जनुकांची एक वस्तीच आहे. एमएमपी-१, ३, ७, ८, १२ आणि १३ ही जनुके तिथे एमएमपी-१० च्या आसपास बसलेली आहेत. या सर्वांच्या सूचनेवरून बनणारी प्रथिने म्हणजे पेशींबाहेरचे जाळे कापणारी, केंद्रस्थानी जस्ताचा अणू असलेली एन्झाइमे. त्यांच्यापैकी पहिले जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लात सापडले. पिल्लाचा बेडूक होताना शेपटी कशी विरघळते, हे ते शोधत होते. निरोगी माणसात एमएमपी-१० चे काम तसेच मर्यादित आणि उपयोगाचे असते. त्वचेला जखम झाली की जखमेच्या कडेच्या पेशी ते बनवतात, त्याच्या साहाय्याने पुढे सरकतात, दोन्ही कडा जुळल्या की ते थांबते. बनताना हे एन्झाइम निष्क्रियच असते. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यातले एक सिस्टीन जस्ताला धरून ठेवते. तो तुकडा कापला गेला की जस्त मोकळे होते आणि एन्झाइम कामाला लागते. पेशी त्याला लगेच मोकळे सोडत नाही, यावरून ते किती धोक्याचे हत्यार आहे हे कळावे.

कर्करोगाच्या पेशीत हा संयम सुटतो. वाढीचे संकेत आणि दाहाचे संकेत पेशीच्या केंद्रकात पोचले की एपी-१ नावाचा प्रथिनांचा जोड एमएमपी जनुकांच्या सुरुवातीला बसून त्यांना चालू करतो. चुना आणि तंबाखूने रोज भाजल्या जाणाऱ्या गालात दाह तर कायमचाच असतो. एमएमपी-१० स्वतः फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन आणि प्रोटिओग्लायकन कापते. पण त्याचे खरे बळ दुसऱ्या गोष्टीत आहे. ते आपल्या घराण्यातल्या इतरांना, म्हणजे एमएमपी-१, ७, ८, ९ आणि १३ यांना, निष्क्रिय अवस्थेतून जागे करते. त्यांतले काही कोलॅजनचे जाड धागे तोडतात, तर एमएमपी-९ तळपटलातले कोलॅजन कापते. तळपटल म्हणजे श्लेष्मल त्वचेच्या पेशी ज्या पातळ थरावर उभ्या असतात तो थर. तो शाबूत असेपर्यंत रोगाला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. तो फुटला की कर्करोग आक्रमक ठरतो. खाली लसिकावाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यांच्या भिंती विरळ असतात, त्यामुळे त्यांत शिरणे पेशीला फारसे कठीण जात नाही. गालातून आणि खालच्या हिरडीवरून निघालेली लसिका आधी जबड्याखालच्या ग्रंथींत आणि पुढे मानेच्या वरच्या व मधल्या भागात उतरते. रोगही त्याच वाटेने जातो.

जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या कुडो यांच्या गटाने २०११ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग केले. कमी आक्रमक पेशींपासून जास्त आक्रमक पेशी वेगळ्या केल्या आणि कोणती जनुके वाढली ते पाहिले. एमएमपी-१० त्यांत ठळकपणे दिसले. ते वाढवले की पेशी जास्त आत घुसत, दाबले की कमी. प्रयोगशाळेतल्या बशीत हे दिसणे आणि रुग्णाच्या मानेत दिसणे यांत मोठे अंतर असते. ते काही प्रमाणात भरून काढले ॲक्ट्रेकच्या डॉ. अमित दत्त यांच्या गटाने. तंबाखू-सुपारी खाणाऱ्या आणि एचपीव्ही विषाणूचा संसर्ग नसलेल्या रुग्णांच्या जिभेच्या सुरुवातीच्या टप्प्यातील गाठींचा त्यांनी जनुकीय अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्या मानेत रोग गेला होता त्यांच्या गाठींत एमएमपी-१० जास्त चालू असल्याचे आढळले, आणि मानेतला प्रसार आधी ओळखण्यासाठी त्याचा विचार व्हावा असे सुचवले गेले. या अभ्यासाचे मोल त्याच्या निवडीत आहे. गाठी लहान होत्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या होत्या, आणि नेमका तिथेच डॉक्टरला निर्णय घेणे अवघड जाते.

एमएमपी-१० एकटे काही करत नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पात २०१३ साली गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. टीपी५३, एफएटी१, कास्पेज-८, एचरॅस आणि नॉच-१ या आधी माहीत असलेल्या जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एमएलएल४ आणि एआरआयडी२ यांसारखी नवी नावे त्यात पुढे आली. यांत टीपी५३ चे वजन सर्वांत जास्त. डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणे किंवा मरायला लावणे हे त्याचे काम. ते पूर्णपणे निकामी करणारा बदल झालेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असते, हे अमेरिकेतल्या डोके-मानेच्या ४२० रुग्णांच्या अभ्यासात २००७ मध्ये दिसले. कल्याणीच्याच गटाने २०१९ मध्ये मानेतला प्रसार आणि गुणसूत्रांची अस्थिरता यांचा घट्ट संबंध दाखवला. म्हणजे काही जनुके रोग सुरू करतात, काही पेशीचा सगळा कारभार अस्थिर करतात आणि एमएमपी-१० सारखी जनुके त्या अस्थिर पेशींना बाहेर पडायला रस्ता करून देतात. एखादी पेशी रस्ता करायला का शिकते आणि शेजारची का नाही, याचे उत्तर या तिन्ही थरांच्या जुळणीत आहे.

हे सारे ज्या एका निर्णयासाठी कामाचे आहे, तो निर्णय मानेचा. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही नाही. अशा वेळी तोंडातली गाठ काढताना मानेतल्या ग्रंथीही काढाव्यात, की थांबून पाहावे आणि पुढे गाठ आली तर काढाव्यात? अनेक दशके यावर एकमत नव्हते. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांच्या चाचणीतून २०१५ मध्ये त्याचे उत्तर दिले. मानेचे ऑपरेशन सोबतच झालेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. थांबून पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तेव्हापासून सोबतच मान उघडणे हा शिरस्ता झाला, आणि तो योग्यच आहे, या जिल्ह्यांत तर अधिकच. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटरवर, नागपूर त्याच्याही पलीकडे. भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद होते. दर सहा-आठ आठवड्यांनी मान तपासायला या, असे सांगून पाठवलेला रुग्ण परत येतो तेव्हा मानेतली गाठ अनेकदा लिंबाएवढी झालेली असते आणि शेक, म्हणजे किरणोपचार, देऊनही आटोक्यात येत नाही. थांबून पाहण्याची चैन इथल्या रुग्णाला परवडणारी नाही.

पण या उत्तराची दुसरी बाजूही आहे. हाताला काही न लागणाऱ्या अशा मानांपैकी सुमारे ३० टक्के मानांतच ग्रंथीत रोग सापडतो. उरलेल्या ७० टक्के रुग्णांच्या मानेचे ऑपरेशन होते, पण तिथे रोग नसतो. त्या ऑपरेशनात खांदा उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारी नस ग्रंथींना लागूनच असते. ती जपली तरी ताणली जाते. अनेकांचा खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही, दुखत राहते. बांधावरून धानाचा भारा डोक्यावर उचलणाऱ्या बाईला किंवा बांबू तोडणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ रोजी बुडणे असा होतो. एमएमपी-१० सारख्या खुणेवरून पहिल्या तुकडा तपासणीतच सांगता आले की अमुक गाठ मानेत जाण्याची शक्यता फार कमी आहे, तर त्या बाईचा खांदा वाचेल. जनुकाच्या या अभ्यासाकडून मिळण्याजोगा सर्वांत मोठा लाभ तोच.

अशी तपासणी खेड्यातल्या रुग्णापर्यंत पोचण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. गालातला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवला जातो आणि मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो. तो ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो, टपालानेही जातो. त्याचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर घेऊन एमएमपी-१० च्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे टाकली की प्रथिन जिथे आहे तिथे तपकिरी रंग उठतो. या प्रकारची रंगतपासणी स्तनाच्या कर्करोगासाठी नागपूरसारख्या शहरात रोज होते. टाटा ट्रस्ट आणि शासनाच्या सहभागातून चंद्रपूरला उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयामुळे ती आणखी जवळ येऊ शकते. महागडी यंत्रे आणि किरणोत्सारी द्रव्य लागणाऱ्या प्रहरी ग्रंथीच्या तपासणीपेक्षा, म्हणजे गाठीची लसिका सर्वांत आधी ज्या ग्रंथीत उतरते तीच शोधून तपासण्यापेक्षा, हे पुष्कळ सोपे.

अडचण वेगळी आहे. ॲक्ट्रेकचा अभ्यास जिभेच्या गाठींवर होता आणि खर्ऱ्याचा कर्करोग गालाचा. जीभ स्नायूंची आणि सतत हलणारी, तिच्या लसिकावाहिन्या विपुल, म्हणून लहान गाठही मानेत लवकर जाते. गाल वेगळा, आणि फायब्रोसिसने ताठलेला गाल आणखी वेगळा. ताठलेल्या जाळ्यात एमएमपी-१० तेवढ्याच जोराने काम करते का, हे गालाच्या गाठींवरच आणि याच जिल्ह्यांतल्या रुग्णांवर तपासले गेले पाहिजे. रंग किती गडद असला म्हणजे ‘जास्त’ म्हणायचे, याची रेघही सर्व प्रयोगशाळांत एकच ठरायला हवी. शिवाय मान न उघडण्याचा सल्ला देणारी खूण चुकली तर किंमत रुग्णाच्या जिवाची असते. म्हणून अशा खुणेकडून मागायची अचूकता नेहमीच्या तपासणीहून कडक असावी लागते. आज एमएमपी-१० वरून कोणत्याही रुग्णाची मान सोडली जात नाही, आणि तूर्त सोडूही नये.

या एन्झाइमांना औषधाने रोखण्याचा प्रयत्नही होऊन गेला आहे. १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी औषधे सर्व एमएमपींना एकदम बांधण्यासाठी बनवली गेली. रुग्णांवरच्या चाचण्यांत त्यांनी आयुष्य वाढवले नाही, उलट सांधे आणि स्नायू इतके दुखू लागले की औषध थांबवावे लागे. घराण्यातली काही एन्झाइमे कर्करोगाला अटकाव करण्याचेही काम करतात, आणि रोग पसरून झाल्यावर रस्ता बंद करण्याला फारसा अर्थ नसतो, हे त्यातून कळले. त्यामुळे एमएमपी-१० चा उपयोग सध्या औषधाचे लक्ष्य म्हणून कमी आणि रोगाची चाल ओळखण्याची खूण म्हणून जास्त आहे. ती खूण वापरात येईपर्यंत गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजून अहवालात लिहिणे, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला आजच जमण्यासारखे आहे. उद्या जनुकाची तपासणी आली तरी ती या मोजमापाच्या शेजारी ठेवूनच वाचावी लागेल.